कोपरा फाडलेलं कार्ड

घरोघरी फोन नव्हते तेव्हा मरणाची बातमी पोस्टकार्डानं यायची आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमननं कार्ड पुढे केलं की मजकूर वाचायच्या आधीच घरातल्यांना कळायचं. वाचून झालं की ते कार्ड फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. बारशाचं आमंत्रण, मनीऑर्डर पोचल्याचा निरोप, ‘इकडील सर्व क्षेम’ ही कार्डं चारही कोपऱ्यांनिशी यायची. म्हणून तर तीन कोपऱ्यांच्या कार्डाला वजन होतं.

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याचा इनबॉक्स उघडला तर बहुतेक वेळा सगळीच कार्डं कोपरा फाडलेली दिसतात. रात्रीचा बॅकअप नीट झाला, त्याचा अलर्ट. कुणी अनोळख्यानं चुकीचा पासवर्ड टाकला, त्याचा अलर्ट. सर्टिफिकेट तपासलं, ठीक आहे, त्याचाही अलर्ट. मग एक दिवस माणूस वैतागून फिल्टर लावतो आणि सगळी पत्रं एका फोल्डरात ढकलतो. ‘डिस्क ९७ टक्के भरली’ हे पत्रही त्याच फोल्डरात जातं. सापडतं, पण लोकांचे ‘मेल येत नाहीये हो’ असे फोन सुरू झाल्यावर.

तेव्हा अलर्ट लावायचे म्हणजे काय काय लावायचं, याइतकाच कशाकशाला लावायचं नाही हाही प्रश्न आहे. त्याआधी पत्र नेमकं कुठे जातं ते पाहू.

लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) बसवलं की ते पहिल्या दिवसापासून पत्रं लिहायला लागतं. ती जातात ‘पोस्टमास्टर’ या पत्त्यावर. हा पत्ता हौसेचा नाही. मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर तो असलाच पाहिजे, असं आरएफसी ५३२१ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज सांगतो. १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये ‘अ‍ॅब्यूज’, ‘होस्टमास्टर’ वगैरे त्याच्या भावंडांची यादी आहे. सहसा पोस्टमास्टरची पत्रं ‘रूट’कडे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याकडे, वळवलेली असतात आणि रूटची पत्रं /व्हार/मेल/रूट या फायलीत साठत राहतात. ती फाइल कुणी उघडत नाही. कित्येक सर्व्हरांवर वर्षानुवर्षांच्या तक्रारी तिथे शिस्तीत, तारीखवार पडलेल्या असतात.

यावरचा इलाज एका ओळीचा आहे: /ईटीसी/अलायसेस या फायलीत रूटपुढे खऱ्या माणसाचा पत्ता लिहायचा. लिहून झाल्यावर ‘न्यूअलायसेस’ ही आज्ञा द्यायची. हीच पायरी हमखास राहते. पोस्टफिक्स ती मजकुराची फाइल वाचत नाही, तिच्यावरून तयार केलेली डेटाबेस फाइल वाचतं. आज्ञा दिली नाही तर जुनाच पत्ता चालू राहतो आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, ‘डेटाबेस मूळ फायलीपेक्षा जुना आहे’ एवढी कुरकुर उमटते.

रूटपुढे दोन पत्ते हवेत: एक आपल्या सर्व्हरवरचा, एक पूर्णपणे बाहेरचा. बाहेरचा कशासाठी, हे सांगायला मेल सर्व्हरची मुख्य गोची समजून घ्यावी लागते. बाकी कुठलाही सर्व्हर आजारी पडला तर मेलनं कळवतो. मेल सर्व्हर आजारी पडला तर त्यानं कशानं कळवायचं? ज्याचा पाय मोडला त्यालाच वैद्याकडे पळत पाठवण्यातला हा प्रकार.

डिस्कचंच उदाहरण घ्या. पोस्टफिक्समध्ये एका मेलच्या आकाराची मर्यादा मूळ सेटिंगप्रमाणे १,०२,४०,००० बाइट, म्हणजे साधारण १० एमबी असते. मेल ज्या रांगेत थांबतात तिच्या डिस्कवर या मर्यादेच्या दीडपटीपेक्षा, म्हणजे सुमारे १५ एमबीपेक्षा कमी जागा उरली की पोस्टफिक्स बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘४५२, जागा नाही’ असं सांगून परत पाठवतं. यात एक दिलासा आहे. ४ नं सुरू होणारं उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे मेल लगेच हरवत नाही. पण आपली अलर्टची स्क्रिप्टही याच सर्व्हरच्या रांगेत पत्र टाकायला जाते. रांग म्हणजे डिस्कवरच्या फायली, आणि डिस्क तर भरलेली. म्हणजे जागा संपल्याचं पत्र लिहायलाच जागा नसते.

म्हणून अलर्ट ८० टक्क्यांना एकदा आणि ९० टक्क्यांना एकदा हवा. ९८ ला येणारा अलर्ट म्हणजे कोपरा फाडलेलं कार्डच, करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

डिस्कच्या बाबतीत आणखी एक खोडा आहे आणि भलेभले त्यात अडकतात. मेलपेट्या सांभाळणाऱ्या डोव्हकॉटवर मेलडिर पद्धत असेल तर प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते आणि प्रत्येक फायलीला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी डिस्कवरची नोंद, लागतो. डिस्क ईएक्सटी४ पद्धतीनं फॉरमॅट करताना मूळ सेटिंगप्रमाणे दर १६,३८४ बाइटमागे एक आयनोड बनतो. १०० जीबीच्या डिस्कवर ते साधारण ६५ लाख होतात. मेलचा सरासरी आकार ८ केबी धरला तर ६५ लाख मेल ५० जीबीच्या आसपास बसतात. डिस्क निम्मी रिकामी, आयनोड मात्र संपलेले. लॉगमध्ये ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असं येत राहतं, माणूस मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा चालवून पाहतो, त्याला ५० टक्के मोकळी जागा दिसते, आणि तो भलतीकडेच शोधत बसतो. ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय दिला की खरं चित्र दिसतं. ईएक्सटी४ वर आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. नंतर वाढवायची तर डिस्कचा विभागच मोठा करावा लागतो. तेव्हा जागेच्या अलर्टशेजारी आयनोडचा अलर्ट लावायचाच. एक्सएफएस ही दुसरी पद्धत वापरणाऱ्यांना ही कटकट सहसा नसते.

हे पहारे बसवायला मोनिट हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. लहान ऑफिससाठी मोठाली डॅशबोर्डं उभी करून त्यांचीच देखभाल करत बसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मोनिटच्या फायलीत काय लिहायचं? दर ६० सेकंदांनी फेरी मार. पोस्टफिक्सचा मास्टर, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम, चालू आहे का बघ. २५ नंबरच्या पोर्टवर एसएमटीपीची, म्हणजे मेल पाठवण्याची, भाषा बोलून बघ, ९९३ वर आयमॅपची, म्हणजे मेल वाचण्याची. डिस्क आणि आयनोड ८० टक्क्यांच्या वर गेले तर सांग. इंग्रजी वाक्यांसारख्याच ओळी लिहायच्या असल्यानं ही फाइल चार महिन्यांनी वाचली तरी कळते. अडचणी दोनच येतात. फायलीच्या परवानग्या ०७०० पेक्षा सैल असतील तर मोनिट सुरूच व्हायला नकार देतो. त्यात पासवर्ड असतात, तेव्हा तो बरोबरच आहे. आणि बदल केल्यावर ‘मोनिट -टी’ देऊन व्याकरण तपासलं नाही तर एका स्वल्पविरामापायी सगळा पहारा बंद पडलेला असतो.

यात तीन ओळींकडे खास लक्ष द्यायचं. पहिली, ‘सलग तीन फेऱ्या नापास झाल्या तरच’ ही अट. सर्व्हर रात्री बॅकअप घेताना एखाद्या फेरीत उत्तर द्यायला उशीर करतो. त्या एका उशिरावर ‘बंद पडला’ आणि पुढच्या मिनिटाला ‘चालू झाला’ अशी पत्रांची जोडी रोज पहाटे यायला लागली की आठवड्याभरात कुणी ती उघडत नाही. दुसरी, पत्र पाठवायला कुठला सर्व्हर वापरायचा ती ओळ. तिथे ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की मघाचा पाय मोडलेला माणूस परत आला. बाहेरचा एखादा रिले, म्हणजे आपलं मेल पुढे पोचवणारा सर्व्हर, ५८७ पोर्टवरून, स्वतंत्र खात्यानं वापरायचा, आणि तोही नाही मिळाला तर दुसऱ्याचं नाव पुढे स्वल्पविराम देऊन लिहायचं. तिसरी ओळ इव्हेंटक्यूची. नेटच गेलं तर मोनिट घटना डिस्कवर जपून ठेवतो आणि वाट मोकळी झाली की पाठवतो. ती आपण चालू करावी लागते.

मोनिट बिघाड झाला की एक पत्र पाठवतो आणि दुरुस्त झाला की दुसरं, मधे गप्प. हे त्याचं वळण चांगलं आहे. घरची स्क्रिप्ट लिहिणारे नेमके इथेच चुकतात. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी ‘रांग ५०० च्या वर आहे’ असं पत्र पाठवणारी स्क्रिप्ट दिवसाला २८८ पत्रं टाकते, आणि ती त्याच तुंबलेल्या रांगेत जाऊन बसतात. रांग कमी व्हायची राहिली बाजूला, अलर्टनंच ती वाढत जाते.

क्रॉनचं स्वतःचं एक वळण असतं. त्यातला प्रोग्रॅम काहीही बोलला की क्रॉन ते पत्रानं कळवतो. त्यामुळे यश मिळाल्यावर गप्प राहणारी आणि फसल्यावरच बोलणारी स्क्रिप्ट लिहायची. पत्र कुणाला जायचं ते सांगणारा ‘मेलटू’ रिकामा ठेवून सगळ्यांचीच तोंडं बंद करणं हा आळशी उपाय, आणि तो नडतो.

पोस्टफिक्सच्या ‘नोटिफाय क्लासेस’ या सेटिंगची मूळ किंमत ‘रिसोर्स’ आणि ‘सॉफ्टवेअर’ अशी दोनच आहे: साधनसामग्री संपली किंवा प्रोग्रॅममध्येच घोटाळा झाला तर कळव. कुणाला उत्साह येतो आणि तो त्यात ‘पॉलिसी’ आणि ‘प्रोटोकॉल’ हेही जोडतो. उघड्या इंटरनेटवरच्या सर्व्हरला दिवसभर हजारो स्पॅमवाले धडका मारत असतात. त्यातल्या प्रत्येक नाकारलेल्या धडकेचं संभाषण जसंच्या तसं पोस्टमास्टरकडे यायला लागतं. हे दोन वर्ग एखाद्या तक्रारीचा शोध घेताना तासभर चालू करायचे, मग बंद. ‘टूबाउन्स’ मात्र ठेवण्यासारखा आहे. परत आलेलं पत्र ज्याला परत द्यायचं तोच सापडत नाही, अशी प्रकरणं त्यात दिसतात, आणि चुकीचा पत्ता टाकून बसलेली एखादी वेबसाइट किंवा स्कॅनर त्यात पकडला जातो.

वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याचा पत्ता अडवणाऱ्या फेलटूबॅनचंही तेच. पत्ता अडवला की पत्र पाठवायची सोय त्यात आहे, ती वापरायची नाही. चोर कुलूप हलवून निघून गेला, याचा हिशेब सकाळच्या एका अहवालात आला की पुरे. लॉगवॉचचा किंवा पीएफलॉगसमचा रोजचा अहवाल त्यासाठीच असतो. हे झालं चारही कोपरे शाबूत असलेलं कार्ड, चहाबरोबर वाचायचं.

कोपरा फाडायचा तो वेगळ्याच घटनांना. कुणाचं तरी खातं फुटलं आणि त्यावरून स्पॅम चालू झाला, ही त्यातली पहिली. लॉगमध्ये प्रत्येक पाठवणीशी ‘सासल-यूजरनेम’, म्हणजे पाठवणाऱ्या खात्याचं नाव, नोंदलेलं असतं. तासाला कोणत्या खात्यावरून किती मेल गेले हे मोजायचं, आणि नेहमीच्या कमाल आकड्याच्या तिप्पट झाले की अलर्ट. आकडा पुस्तकातून घ्यायचा नाही. महिनाभराचा लॉग पाहिला की कळतं, अकाउंट्सवाले महिन्याच्या १ तारखेला पगाराच्या स्लिपा पाठवतात तेव्हा दीडशेवर जातात, एरवी वीसच्या आत. रांगेची लांबी हे दुसरं लक्षण आहे, पण ते उशिरा दिसतं. समोरचे सर्व्हर नाकारायला लागल्यावर रांग फुगते, तोपर्यंत आपला पत्ता काळ्या यादीत गेलेला असतो.

यात वेळेला कायद्याचंही वजन आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि माणूस भारतीय वेळेत असला तर पत्रातले ३:३० म्हणजे आपले सकाळचे ९, हे गडबडीत लक्षात राहत नाही. अलर्टच्या मजकुरात दोन्ही वेळा लिहिलेल्या बऱ्या.

दुसरी घटना अधिक चोरपावलांची. खातं फोडणारा शहाणा असेल तर तो स्पॅम पाठवत नाही. तो गुपचूप एक नियम लिहितो: ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेलं मेल बाहेरच्या पत्त्यावर वळव. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. डोव्हकॉटमध्ये हे नियम सीव्हच्या फायलींत असतात. गेल्या तासाभरात बदललेल्या, ‘रीडायरेक्ट’ शब्द असलेल्या सीव्ह फायली शोधणारी चार ओळींची स्क्रिप्ट दर तासाला फिरवली की भागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर फॉरवर्डिंगचा नियम तयार झाल्याचा आणि कुणाला एक्स्चेंजचे अ‍ॅडमिन अधिकार मिळाल्याचा अलर्ट आधीपासून तयार असतो. तो कुणाच्या इनबॉक्सात जातो एवढंच तपासायचं.

नवा अ‍ॅडमिन, पोस्टफिक्सच्या सेटिंगमधला बदल, अलायसेसच्या फायलीतला बदल, रूटचं लॉगिन या घटनांवर ऑडिटडी हा प्रोग्रॅम लक्ष ठेवतो. पण त्यांचा अलर्ट ज्यानं बदल केला त्याच्याच एकट्याकडे जात असेल तर त्याचा उपयोग शून्य. तिजोरीची किल्ली आणि तिजोरी उघडल्याचा निरोप एकाच खिशात ठेवू नये. दुसरा अ‍ॅडमिन नसेल तर मालकाकडे जाऊ द्या. त्याला तांत्रिक भाषा कळली नाही तरी ‘रविवारी रात्री दोनला कोण आलं होतं?’ एवढं विचारता येतं.

सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर दाखवतो त्या ओळखपत्राबद्दल, एक बदल अनेकांच्या नजरेतून सुटला. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेटं देणारी संस्था, तिची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात आणि मुदत संपत आली की त्यांच्याकडून आठवणीचं मेल यायचं. ते त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केलं. आता पहारा आपलाच. तोही फायलीवर ठेवायचा नाही, पोर्टवर ठेवायचा. नूतनीकरण करणारा सर्टबॉट नवी फाइल आणून ठेवतो, पण डोव्हकॉटला रीलोड केलं नाही तर तो स्मरणातलं जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो. फाइल तपासणारा म्हणतो, सगळं छान, अजून दोन महिने आहेत. आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर लाल इशारे. म्हणून ओपनएसएसएल या साधनानं ९९३ आणि ५८७ वर खरोखर जोडणी करून बघायचं आणि मुदतीची चौकशी १२,०९,६०० सेकंदांवर, म्हणजे १४ दिवसांवर लावायची. नूतनीकरण ३० दिवस आधी होत असेल तर १४ दिवस उरले असताना अलर्ट येणं म्हणजे ते दोन आठवडे फसत होतं. हातात आणखी दोन आठवडे आहेत, घाई नाही.

व्हायरस तपासणाऱ्या क्लॅमएव्हीला मेमरी भरपूर लागते. २ जीबीच्या सर्व्हरवर एखाद्या रात्री मेमरी संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यालाच पहिला मारतो. तो मिल्टर, म्हणजे मेल आत घेण्याआधीचा तपासनीस, म्हणून जोडलेला असेल तर पोस्टफिक्सचं मूळ धोरण ‘टेंपफेल’ आहे, म्हणजे तपासनीस नाही तर मेल आत नाही, नंतर या. पोस्टफिक्स चालू, डोव्हकॉट चालू, सगळे दिवे हिरवे, आणि आत एकही मेल नाही. हे पकडायला एकच खात्रीचा उपाय: बाहेरच्या यंत्रावरून दर १५ मिनिटांनी एक खरं मेल पाठवायचं आणि ते पाच मिनिटांत आयमॅपनं हाती लागतं का ते बघायचं.

सोसायटीत रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा ठाऊक असेल. काठीचा आवाज म्हणजे सगळं ठीक. पण एखाद्या रात्री आवाज आला नाही, हे झोपलेल्या माणसाला कसं कळणार? रोज सकाळी येणाऱ्या ‘सर्व ठीक’ मेलमध्ये हाच दोष आहे. ते आलं नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा काठी ऐकत जागं राहायचं काम यंत्राला द्यायचं: सर्व्हरनं दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक द्यायची आणि अर्धा तास हाक आली नाही तर त्या सेवेनं फोन वाजवायचा. सर्व्हरची वीज गेली, मदरबोर्ड जळला, तरी ही व्यवस्था बोलते.

एसएमएसची वाट घ्यायची तर भारतात आधी कागदपत्रं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे पाठवणारी संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवावा लागतो. साच्याशी न जुळणारा संदेश अडतो. म्हणजे ‘सर्व्हर अमुक, अडचण तमुक, वेळ अमुक’ असा सगळ्यांना चालणारा एक साचा आधीच मंजूर करून ठेवायचा, संकटात नवं वाक्य सुचून उपयोग नाही. मराठीत पाठवायचा तर आणखी एक गणित: रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात.

मेलचा विषय मराठीत लिहायचा असेल तर तो आरएफसी २०४७ प्रमाणे एन्कोड करावा लागतो. घरच्या स्क्रिप्टनं कच्ची देवनागरी विषयात टाकली तर काही ठिकाणी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. विषयात तीन गोष्टी पुरतात: किती गंभीर, कुठला सर्व्हर, काय झालं. ‘गंभीर: मेल१: /व्हार ९१ टक्के’. आत मजकुरात कधीपासून, आकडा किती, पहिली कुठली आज्ञा चालवायची, आणि हे पत्र आणखी कुणाला गेलंय. ही शेवटची ओळ फार कामाची. नाहीतर दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं पाहिलं असेल.

एवढं करून पत्र स्पॅममध्ये गेलं तर? जातं. ‘रूट@लोकलहोस्ट’ असा प्रेषक असला की बाहेरचे सर्व्हर दाराशीच अडवतात. एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलं याचे पुरावे) नसेल तर जीमेल फेब्रुवारी २०२४ पासून कडक आहे. आणि स्पॅम गाळणारा आपलाच आरस्पॅमडी आपल्याच अहवालाला स्पॅम ठरवतो, कारण लॉगच्या अहवालात दिवसभरातल्या स्पॅमचे विषय आणि डोमेनं भरलेली असतात. अलर्टच्या प्रेषकाला तपासणीतून वगळावं लागतं. त्या मेलना ‘ऑटो-सबमिटेड’ हेडरही लावायचा, म्हणजे कुणी सुट्टीवर असताना त्याचं ‘मी कार्यालयात नाही’ हे उत्तर अलर्टला आणि अलर्टचं त्या उत्तराला, असा खेळ सुरू होत नाही.

मग चाचणी. तीन महिन्यांतून एक दिवस, ऑफिस सुटल्यावर. आधी अलायसेसची फाइल उघडायची. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव सगळ्यात जास्त काळ तिथेच टिकतं. मग क्लॅमएव्ही थांबवायचा आणि घड्याळ लावायचं: पत्र किती मिनिटांत आलं, कुणाकुणाला आलं, फोन वाजला का. तो चालू करायचा, ‘दुरुस्त झालं’चं पत्र येतंय ते बघायचं. मग ‘एफअ‍ॅलोकेट’नं /व्हारमध्ये, डिस्क ८० टक्क्यांच्या थोडी वर जाईल एवढ्या आकाराची एक फाइल बनवायची आणि तिला नाव असं द्यायचं की दुसऱ्या कुणी पाहिलं तरी कळावं, ‘चाचणी-पुसा’ वगैरे. अलर्ट आला की फाइल तिथल्या तिथे पुसायची. ती राहून गेली तर नव्वद टक्क्यांचा अलर्ट येईल तेव्हा तो चाचणीचा नसेल.